वायफाय पूर्ण, तरी इंटरनेट नाही

"मोबाइलवर वायफायच्या सगळ्या कमानी भरलेल्या दिसतात, मग इंटरनेट चालत का नाही?" हा प्रश्न ज्या घरात आजवर एकदाही विचारला गेला नसेल असे घर शहरात तर नाहीच, पण तालुक्याच्या गावीही आता विरळाच सापडेल. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न नेहमी येतात : घरातील सर्वांचे मोबाइल व्यवस्थित चालत असताना दिवाणखान्यातला टीव्हीच तेवढा का अडून बसतो, आणि नवा आणलेला स्मार्ट बल्ब राउटरला जोडून घेण्यास मुळातच नकार का देतो? तिन्ही प्रश्न एकाच यंत्राविषयीचे असल्यामुळे त्यांचे उत्तरही एकच असावे असा सर्वसाधारण समज आहे, आणि राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हेच ते उत्तर, अशी घरोघर रूढी पडून गेली आहे. या रूढीने पुष्कळदा काम भागते हे खरे. परंतु ते का भागले हे न कळल्यामुळे तोच दोष चार दिवसांनी पुन्हा उपस्थित होतो आणि आपण पुन्हा त्याच बटणाकडे हात नेतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य भारतीयांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा एका टेलिफोनच्या तारेला एक संगणक जोडलेला असे, आणि दोष तारेत की संगणकात, एवढाच काय तो वाद उरे. आज त्याच घरात चारपाच मोबाइल, एकदोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, काही बल्ब आणि गीझरचा स्मार्ट प्लग एवढी मंडळी एकाच राउटरवर अवलंबून असतात. इतक्या जणांच्या व्यवहारात "नेट बंद पडले" ही केवळ फिर्याद झाली. तपास अजून व्हावयाचा आहे. हा तपास ज्या एका सूत्राने करावयाचा ते सूत्र असे की, दोष कोठे नाही हे क्रमाने ठरवीत गेले म्हणजे तो कोठे आहे हे शेवटी आपोआप उरते.

१. वाटेचे तीन टप्पे

जुन्या वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या कारकुनाची कल्पना करावी. वाड्यात कोण कोणत्या खोलीत राहतो याची नोंद त्याच्या वहीत असते. आतल्या माणसाचे पत्र घ्यावयाचे, ते वाड्याच्या नावाने बाहेर रवाना करावयाचे, आणि उत्तर आले की ज्याचे त्याच्या खोलीत पोहोचते करावयाचे, हे त्याचे नित्याचे काम. राउटर हा असा देवडीवरचा कारकून होय. मोबाइल ते राउटर हा वाटेचा पहिला टप्पा, राउटरच्या आतले नोंदीचे व वाटपाचे काम हा दुसरा, आणि राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत व तेथून जगापर्यंत जाणारी वाट हा तिसरा.

वायफायच्या भरलेल्या कमानी पहिल्या टप्प्याची, आणि केवळ पहिल्याच टप्प्याची, ग्वाही देतात. कारकुनाचा आवाज आपल्या खोलीपर्यंत स्वच्छ ऐकू येतो आहे, एवढाच त्यांचा अर्थ. वाड्याबाहेरचा रस्ता मोकळा आहे की खणून ठेवला आहे, याविषयी त्या काहीही सांगत नाहीत. आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

टप्पा ओळखण्यासाठी तीन परीक्षा पुरेशा आहेत, मात्र त्या करण्यापूर्वी मोबाइल डेटा बंद करावा. कारण वायफाय निरुपयोगी दिसताच पुष्कळ मोबाइल गुपचूप डेटाकडे वळतात आणि "माझा तर चालतो" अशी खोटी साक्ष देतात. पहिली परीक्षा : सर्व उपकरणे अडली आहेत की एकच? सर्व अडली असतील तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. एकच अडले असेल तर त्या उपकरणात किंवा त्याच्या आणि राउटरच्या मधल्या हवेत. दुसरी परीक्षा : लॅपटॉप केबलने राउटरला जोडल्यावर चालतो काय? चालत असेल तर बाहेरची वाट निर्दोष असून संशय वायफायवर जातो. तिसरी परीक्षा : अडलेले उपकरण एखाद्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते काय? चालत असेल तर उपकरणही निर्दोष ठरते, आणि ते व राउटर यांच्यामधील एखादी अट जुळत नाही असे समजावे. या तिन्ही परीक्षांना मिळून पाच मिनिटे लागतात, आणि त्यांची उत्तरे हाती असल्यावाचून कोणतीही सेटिंग बदलू नये.

२. दिव्यांची साक्ष

राउटरच्या दर्शनी भागावरील दिवे शोभेसाठी नसतात. आज बहुतेक घरी काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, कनेक्शन येते. त्या बारीक तंतूतून घराकडे येणारा संदेश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने येतो व घरातून जाणारा १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जातो; दोन्ही प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीत, परंतु डोळ्यांस अपाय करू शकतात, म्हणून सुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

ज्या दिव्याखाली एल-ओ-एस ही अक्षरे असतात आणि ज्याला केबलवाले "लॉस" म्हणतात, तो लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असा त्याचा निश्चित अर्थ आहे. अशा वेळी घरमालकाने दोनच गोष्टी पाहाव्यात : पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे चिमटली अथवा तीव्र कोनात वळली आहे काय, आणि राउटरमागचे तिचे टोक नीट बसले आहे काय. तांब्याची तार कशीही वाकविली तरी वीज वाहते; फायबर मात्र बोटाभोवती गुंडाळावी इतकी वळली की आतला प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. या दोन्ही गोष्टी ठीक असूनही दिवा लालच राहिला, तर दोष कंपनीच्या इलाख्यातला आहे, आणि घरात बसून केलेली कोणतीही खटपट व्यर्थ होय.

लॉसचा दिवा विझलेला, "पॉन" हा दिवा स्थिर हिरवा, पण "इंटरनेट" हा दिवा लाल किंवा विझलेला, ही स्थिती निराळी आहे. येथे तंतू शाबूत आहे, परंतु कंपनीच्या दप्तरात आपले खाते मान्य होत नाही : एकतर बिलाची मुदत उलटून गेली आहे, किंवा राउटरमध्ये भरलेले कंपनीचे वापरकर्तानाव व पासवर्ड पुसले गेले आहेत, अथवा कंपनीच्या केंद्रातच बिघाड आहे. आणि सर्व दिवे यथास्थित असताना एखादेच उपकरण अडत असेल, तर बाहेरचा विचार सोडून घरातच तपास करावा.

३. पत्ता मिळाला की नाही?

प्रत्येक उपकरण राउटरला जोडले जाताच एक पत्ता मागते आणि राउटर त्याला आपल्या वहीतून एक मोकळा पत्ता ठराविक मुदतीपुरता देतो. हे पत्ते बहुतेक घरी १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. कारण १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार हा समूह खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. राउटरचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, आणि तो ब्राउझरमध्ये लिहिला की राउटरच्या सेटिंगचे पान उघडते.

अडलेल्या लॅपटॉपचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर पत्ता मागूनही कारकुनाने उत्तर दिले नाही, म्हणून लॅपटॉपने आपणच एक पत्ता तात्पुरता धारण केला आहे, असे जाणावे. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. अशा वेळी त्या उपकरणातून वायफायचे नाव काढून टाकून ते नव्याने जोडावे. तरीही तेच घडले आणि घरात उपकरणे पुष्कळ असली, तर राउटरकडील मोकळे पत्ते संपले आहेत काय ते पाहावे. समजा, राउटर १९२.१६८.१.१०० पासून १९२.१६८.१.१४९ पर्यंतच पत्ते देत आहे, म्हणजे पन्नास. दिवाळीत पाहुण्यांचे मोबाइल आले, प्रत्येकाने चोवीस तासांच्या मुदतीने पत्ता घेतला, आणि पाहुणे गेले तरी मुदत संपेपर्यंत ते पत्ते अडून राहिले, तर एकावन्नाव्या उपकरणाला काही मिळणार नाही. वरची सीमा १४९ ऐवजी २५० केली की हा प्रश्न मिटतो.

प्रिंटरचे रुसणेही याच सदरात पडते. सोमवारी प्रिंटरला १०५ क्रमांकाचा पत्ता मिळाला आणि संगणकाने तो आपल्याकडे टिपून ठेवला. मध्ये दोन दिवस प्रिंटर बंद होता. तेवढ्यात तोच पत्ता एका मोबाइलला गेला आणि परतलेल्या प्रिंटरला ११२ मिळाला. संगणक मात्र अजून १०५ वरच कागद धाडीत राहतो आणि प्रिंटर "ऑफलाइन" असल्याचा निर्वाळा देतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. तो राखून ठेवावा, संगणकात प्रिंटर त्याच पत्त्याने एकदा जोडून घ्यावा, म्हणजे ही तक्रार पुन्हा उद्भवत नाही.

४. नावांची वही

आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण जाळ्याला आकडे लागतात. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली, आणि तिला डीएनएस म्हणतात. ही व्यवस्था अडली की मोठी चमत्कारिक अवस्था दिसते : आधीपासून चाललेला व्हिडिओ कॉल अखंड चालू राहतो, कारण त्याला आकडा आधीच मिळालेला आहे, नवे संकेतस्थळ मात्र एकही उघडत नाही.

पडताळा सोपा आहे. संगणकावर "पिंग ८.८.८.८" ही आज्ञा इंग्रजी आकड्यांत द्यावी, उत्तरे येत असतील तर वाट खुली आहे. मग आकड्यांच्या जागी एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव घालून तीच आज्ञा द्यावी. आता नाव सापडत नाही असा संदेश आला, तर दोष नावांच्या वहीतच आहे हे सिद्ध झाले. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता घातल्यास काम बहुधा तत्काळ सुरू होते.

५. बल्ब का जोडला जात नाही?

राउटर दोन लहरीपट्ट्यांवर बोलतो : एक २.४ गीगाहर्ट्झचा व दुसरा ५ गीगाहर्ट्झचा. पहिल्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची सुमारे सहा. पहिला पट्टा भिंतींतून अधिक दूर जातो, पण त्यावर गर्दी फार. दुसरा वेगवान व मोकळा, पण एकदोन भिंतींतच क्षीण होतो. स्मार्ट बल्ब, प्लग, दारावरची घंटा यांसारख्या उपकरणांना चालू-बंद एवढाच निरोप हवा असल्यामुळे त्यांत स्वस्त व अल्प वीज घेणारी चिप बसविलेली असते, आणि ती बहुतांशी २.४ चाच पट्टा जाणते.

आता अडचण कशी उभी राहते ते पाहा. नव्या राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते आणि कोणत्या उपकरणाने कोठे बसावे हे राउटर ठरवितो. मोबाइल ५ वर बसलेला असतो. त्याच मोबाइलमधील ॲपमधून आपण बल्बला वायफायचे नाव व पासवर्ड कळवितो. आणि काही ॲप व बल्ब यांना या अवस्थेत एकमेकांची गाठच पडत नाही. उपाय असा की, राउटरच्या सेटिंगमधून ५ चा पट्टा दहा मिनिटांपुरता बंद करावा, मोबाइल २.४ वर आणावा, बल्ब जोडून घ्यावा आणि मग ५ पुन्हा चालू करावा. एकदा जोडला गेलेला बल्ब पुढे आपल्या पट्ट्यावर निमूटपणे राहतो.

एवढ्याने न भागल्यास सुरक्षेची अट पाहावी. पासवर्डची देवघेव ज्या पद्धतीने होते तिची डब्ल्यूपीए-३ ही नवी आवृत्ती २०१८ मध्ये जाहीर झाली. त्यापूर्वीच्या घडणीची उपकरणे २००४ पासूनची डब्ल्यूपीए-२ हीच आवृत्ती जाणतात. राउटर केवळ तिसऱ्या आवृत्तीचाच आग्रह धरीत असेल, तर पासवर्ड अक्षरशः बरोबर असूनही जुने उपकरण नाकारले जाते. अशा घरी दोन्ही आवृत्त्यांची मुभा देणारी मिश्र निवड करावी.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते : ५ चे नावच अधूनमधून अदृश्य होते. त्या पट्ट्यातील काही चॅनेल हवामान खात्याच्या व इतर रडारांशी सामाईक आहेत. तेथे बोलण्यापूर्वी राउटरने किमान एक मिनिट कान देऊन ऐकावे आणि रडारची चाहूल लागताच जागा सोडावी, असा नियम आहे. राउटर नियम पाळतो आणि आपल्याला तो बिघाड वाटतो. ३६ ते ४८ यांपैकी एखादे चॅनेल निवडले म्हणजे हा लपंडाव थांबतो.

६. भिंती, स्लॅब आणि शेजारी

मोबाइलमधील एखाद्या वायफाय मोजणाऱ्या ॲपमध्ये लहरींची तीव्रता उणे आकड्यांत दिसते. राउटरशेजारी उणे ४० ते ५०, चालण्याजोगी सीमा उणे ७० च्या आसपास, आणि उणे ८० म्हणजे जवळजवळ नाहीच. या मोजमापात दहाचा फरक म्हणजे दसपट फरक. म्हणून दिवाणखान्यात उणे ५० व मागच्या खोलीत उणे ८० आले, तर तेथे पोहोचलेली तीव्रता हजारांश उरली आहे, हे लक्षात घ्यावे. स्लॅबमधील लोखंडी सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याने भरलेली मत्स्यपेटी आणि दगडी भिंत यांपैकी प्रत्येक वस्तू ही तीव्रता कमी करते. राउटर टीव्हीच्या मागे किंवा दरवाज्याजवळच्या कपाटात दडविण्याची पद्धत यासाठीच सोडावी. तो घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर, उघड्यावर असावा.

शेजाऱ्यांचा प्रश्न इमारतींमध्ये विशेष. २.४ च्या पट्ट्यात १, ६ व ११ ही तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत; ठाणे-डोंबिवलीच्या एखाद्या इमारतीत वीस राउटर ऐकू येत असतील, तर ते सर्व या तीन जागांतच दाटीवाटीने बसलेले असतात. आपल्या राउटरसाठी या तिघांपैकी सर्वांत कमी गर्दीचे चॅनेल निवडावे व त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २.४५ गीगाहर्ट्झवरच चालतो; जेवण गरम करण्याच्या वेळीच टीव्ही अडखळत असेल, तर टीव्ही ५ वर न्यावा किंवा केबलने जोडावा. ज्या उपकरणाची जागा बदलत नाही, त्याला केबल हाच सर्वांत उत्तम बंदोबस्त होय.

वेगाविषयी थोडे गणित अवश्य करावे. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजली जाते. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. १०० मेगाबिटच्या कनेक्शनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट उतरतात, म्हणून १५०० मेगाबाइटचा चित्रपट १२० सेकंदांत, म्हणजे दोन मिनिटांत येईल. मागच्या खोलीत तोच वेग ३० मेगाबिट उरला, तर ४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेसात मिनिटे लागतील. आणखी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे : ३०० मेगाबिटचे कनेक्शन असून केबलवरही वेग ९४-९५ च्या पुढे जात नसेल, तर कंपनीला दोष देण्यापूर्वी केबल बदलावी. अधिक वेगासाठी केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जरी तुटली असली तरी जोडणी पुष्कळदा १०० वर उतरते. केबल बदलूनही आकडा तोच राहिला, तर राउटरचे किंवा संगणकाचे पोर्टच १०० च्या क्षमतेचे आहे असे समजावे.

७. वीज गेल्यानंतर

आपल्याकडे पुष्कळसे दोष वीज जाऊन येण्याच्या संधिकाळात जन्म घेतात. काही घरी फायबरचा डबा व राउटर ही दोन वेगळी यंत्रे असतात, आणि हौसेने घेतलेला छोटा यूपीएस फक्त राउटरला लावलेला असतो. वीज गेली की राउटर चालू राहतो, डबा बंद पडतो. वायफाय पूर्ण आणि इंटरनेट शून्य. यूपीएस दोघांनाही हवा.

वीज परत आल्यावर बल्ब व प्लग काही सेकंदांत जागे होतात, पण राउटरला पूर्णपणे तयार होण्यास दोनतीन मिनिटे लागू शकतात. तेवढ्यात काही उपकरणे हाक मारून दमतात आणि पुन्हा प्रयत्नच करीत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी फायबरचा डबा, मग राउटर, दिवे स्थिर झाल्यावर उपकरणे. टीव्हीचे दिनांक-घड्याळही पाहावे. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे विशिष्ट तारखांपर्यंतच वैध असतात. वीज गेल्यामुळे टीव्हीचा दिनांक काही वर्षे मागे गेला असेल, तर त्याच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही, आणि जोडणी असूनही ॲप उघडत नाहीत.

राउटर दिवसातून अनेकदा स्वतःहून बंद होऊन सुरू होत असेल, तर आधी ॲडॅप्टरवर संशय घ्यावा. जुना ॲडॅप्टर पुरेशी वीज देईनासा होतो. नवा घेताना व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच आणि अँपिअरचा तेवढाच किंवा अधिक असावा.

८. घरातल्या घरात आणि घराबाहेरून

मोबाइलवर इंटरनेट चालते, टीव्हीवरही चालते, परंतु मोबाइलवरचे चित्र टीव्हीवर पाठवू गेल्यास मोबाइलला टीव्ही दिसतच नाही, ही तक्रार फार सार्वत्रिक आहे. दोघांपैकी एक पाहुण्यांसाठीच्या नावावर, म्हणजे गेस्ट वायफायवर, जोडलेला असणे हे तिचे नेहमीचे कारण. पाहुण्यांना बाहेर जाण्याची मुभा असावी पण घरातील उपकरणे दिसू नयेत, यासाठीच तर ते नाव असते. दुसरे कारण दोन राउटर हे होय : कंपनीच्या डब्यातच एक राउटर आहे आणि आपण त्यापुढे दुसरा जोडला, तर देवडीवर दोन कारकून व दोन वह्या झाल्या, आणि एकाच्या नोंदीतला माणूस दुसऱ्याला ठाऊक नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेस पॉइंट" ही निवड केली की तो वही मिटून ठेवतो आणि केवळ वायफाय पुरवितो.

घरचा कॅमेरा परगावाहून थेट पाहू इच्छिणाऱ्यांची अडचण मात्र घराबाहेर आहे. जगातील जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हा अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि प्रत्येक घराला आपल्या जाळ्यापुरता एक अंतर्गत पत्ता देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर बाहेरून थेट आत येण्यासाठी राउटरमध्ये कितीही दारे उघडली तरी उपयोग नाही. कंपनीकडे अर्ज करून स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा, किंवा कॅमेऱ्याच्या निर्मात्याचे ॲप वापरावे.

९. रीस्टार्ट, रीसेट आणि नवा राउटर

रीस्टार्ट म्हणजे कारकुनाने घटकाभर विश्रांती घेऊन पुन्हा कामावर बसणे. रीसेट म्हणजे त्याची वही जाळून टाकणे. राउटरमागील बारीक भोकात पिन घालून ती दहा सेकंद दाबली, की वायफायचे नाव, पासवर्ड, राखून ठेवलेले पत्ते आणि कित्येकदा कंपनीचे वापरकर्तानावही पुसले जाते; दोष होता तो राहतो आणि वर कंपनीच्या माणसाची वाट पाहणे नशिबी येते. सेटिंगची प्रत घेतल्यावाचून रीसेट करू नये.

राउटर बदलताना नव्याला जुन्याचेच वायफायचे नाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेची तीच आवृत्ती द्यावी. उपकरणे राउटरला नव्हे, या तिघांना ओळखतात. ती जुळली की दहा बल्ब, टीव्ही व प्रिंटर बहुधा आपापले जोडले जातात आणि घरभर फिरण्याचा त्रास वाचतो.

राउटरच्या सेटिंगच्या पानाचा व कॅमेऱ्याचा मूळचा पासवर्ड मात्र पहिल्या दिवशीच बदलावा. २०१६ मध्ये "मिराई" या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेलेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, व्हिडिओ रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याकरवी डाइन या डीएनएस पुरविणाऱ्या कंपनीवर एवढा मारा केला की अमेरिकेत कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. ज्या घरांतून तो मारा झाला, त्यांना याची गंधवार्ताही नव्हती.

१०. फिर्याद कशी लिहावी?

एवढ्या तपासानंतर दोष कंपनीच्या बाजूस ठरला, तर तक्रार अशी लिहावी : "सकाळी ९ पासून लॉसचा दिवा लाल आहे, फायबर कोठेही वाकलेली नाही, राउटर एकदा रीस्टार्ट केला, बिल भरलेले आहे." किंवा, "केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर रात्री ९ ते ११ वेग १०० ऐवजी २० येतो, सकाळी पूर्ण मिळतो. वायफाय बंद ठेवून मोजले आहे." पहिल्या तक्रारीवरून कंपनीला माणूस तंतूकडे धाडावा लागेल, दुसरीवरून केंद्रातील गर्दी तपासावी लागेल, आणि दोन्हींना "राउटर बंद करून चालू करा" एवढे उत्तर देऊन वाटेला लावता येणार नाही. तक्रारीचा क्रमांक व वेळ टिपून ठेवावी.

वाचकांना शेवटी एवढीच विनंती की, आज सर्व काही सुरळीत चालू असतानाच एका कागदावर सहा गोष्टी लिहून तो कपाटात ठेवावा : निरोगी अवस्थेत कोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात, राउटरचा पत्ता, सेटिंगच्या पानाचा नवा पासवर्ड, कंपनीचे वापरकर्तानाव, केबलवर मिळणारा वेग आणि ॲडॅप्टरवरील व्होल्ट-अँपिअरचे आकडे. दोष उद्भवल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा आणि मगच दुसरीला हात घालावा. पाच गोष्टी एकदम बदलून सुरू झालेले इंटरनेट पुढच्या खेपेस काहीच शिकवीत नाही.